स्कूटरच्या डिस्क ब्रेकची एअर घरच्या घरी कशी काढायची

उजवा ब्रेक दाबला की लिव्हर निम्म्यापर्यंत पोकळच जातोय, मग कुठेतरी पकडतोय, दोनतीनदा पंप मारला की जरा बरा लागतोय आणि पुढच्या सिग्नलला परत तेच, असं होत असेल तर बहुतेक वेळा लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या वाटेत, एअर (हवा) धरलेली असते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवलं तर बऱ्याचदा वरचं झाकण उघडून थोडं ब्रेक ऑइल ओतून देतात, "टॉपअप केलंय, आता बघा", आणि एअर होती तिथेच खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळ पॅडने डिस्क पकडणाऱ्या भागात, बसलेली राहते. हे काम घरी, पार्किंगमध्ये आरामात होतं. एक पाना, एक पारदर्शक नळी, ऑइलची बाटली आणि लिव्हर दाबायला एक माणूस लागतो. अवघड काहीच नाही, फक्त एक क्रम आहे तो चुकवायचा नाही, आणि सगळं लिखाण त्या एका क्रमाभोवतीच आहे असं समजा.

मी इथे आपल्याकडच्या नेहमीच्या १२५ सीसी स्कूटर धरून लिहितोय, म्हणजे पुढे डिस्क, मागे ड्रम. ॲक्सेस १२५, ॲक्टिव्हा १२५ चं डिस्कवालं मॉडेल, एनटॉर्क वगैरे. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या आणि दोन्ही चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांबद्दल शेवटी लिहिलंय, त्यांनी आधी ते वाचा.

आधी एअरच आहे ना ते बघा

घाईघाईत निप्पल (कॅलिपरवरचा, एअर काढायचा पोकळ स्क्रू) उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसतं लिव्हर दाबून बघा, कारण प्रत्येक ढिल्या ब्रेकला एअर काढणं हे उत्तर नसतं.

लिव्हर स्पंजी लागतोय आणि पटापट पंप मारल्यावर वर येतोय, तर एअर. हे आपलं काम.

लिव्हर दाबून तसाच धरून ठेवलात आणि तो हळूहळू, एकसारखा खाली सरकत ग्रिपपर्यंत चाललाय, बाहेर कुठे ऑइलचा थेंब नाही, तर मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे लिव्हरपाशी ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या, आतलं रबर गेलंय. कितीही एअर काढा, उपयोग नाही, तिथे मास्टर सिलेंडरचं किट किंवा अख्खं असेंब्लीच बदलावं लागतं.

लिव्हरच्या खाली, होजच्या (ऑइलच्या रबरी पाइपच्या) टोकाला किंवा कॅलिपरवर ओलं दिसतंय आणि बोट लावल्यावर बुळबुळीत लागतंय, तर लीक आहे. आधी लीक, मग एअर. लीक तशीच ठेवून एअर काढली तर चार दिवसांत परत त्याच जागी याल.

लिव्हर एकदम कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर दोष पॅडमध्ये आहे, एक तर पॅड झिजलेत किंवा त्यांच्यावर ग्रीस नाहीतर ऑइल लागलंय. चेन स्प्रे, डब्ल्यूडी ४० असलं काहीतरी चाकाजवळ मारताना डिस्कवर उडालं की हेच होतं.

आणि एक लक्षण लोक विसरतात: ब्रेक रोज व्यवस्थित लागतो, फक्त घाट उतरताना लिव्हर अचानक मऊ होतो आणि खाली पोचून अर्धा तास थांबलं की परत ठीक. हे सगळ्यात धोक्याचं, कारण गाडी मेकॅनिकपर्यंत पोचते तेव्हा ब्रेक एकदम चांगला असतो आणि तो म्हणतो काहीच प्रॉब्लेम नाही. याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

घाटात नेमकं काय होतं

ब्रेक ऑइल दाबलं जात नाही म्हणूनच हे सगळं चालतं, तुम्ही लिव्हरवर दिलेला दाब होजमधून तसाच्या तसा कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जातो. हवा मात्र दाबली जाते. लाइनमध्ये छोटासा बुडबुडा असला तरी तुमचं बोट आधी तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतं आणि मग उरलंसुरलं पिस्टनला मिळतं. लिव्हर दाबल्यावर मास्टर सिलेंडरमधून सरकणारं ऑइल मुळातच थोडंसं असतं, त्यामुळे डाळीच्या दाण्याएवढी हवासुद्धा हाताला कळते.

आता दुसरी गोष्ट, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून, सीलमधून हळूहळू ओल आत जातेच. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड. नवीन डॉट ३ चा उकळबिंदू कमीत कमी २०५ अंश सेल्सियस असायला हवा असं स्टँडर्ड आहे, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तोच १४० वर आला तरी स्टँडर्डमध्ये बसतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे जुनं झालेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळू शकतं.

स्कूटरच्या बाबतीत यात भर अशी की गिअर नाहीत. बाइकवाला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनच्या जोरावर घाट उतरतो, स्कूटरला थ्रॉटल सोडला आणि स्पीड अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनची पकड गेली, गाडी मोकळी धावते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना डबलसीट, मागे बॅग, आणि पुढचा ब्रेक सतत अर्धवट दाबून धरलेला, हे दृश्य दर शनिवार रविवारी दिसतं. कॅलिपर तापतो, आतलं पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. लिव्हर थेट ग्रिपला. खाली येऊन गार झालं की वाफेचं परत पाणी, ब्रेक परत कडक, पुरावा गायब.

म्हणून बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं लिहिलेलं असतं, गाडी किती चालली त्याचा इथे फार संबंध नाही. कोकणात, मुंबईत दमट हवेत गाडी असेल तर मी तर दोन वर्षं झाली की लगेच करा म्हणेन, पुढे ढकलू नका. वरच्या ऑइलच्या टाकीच्या काचेतून बघितलं तर नवीन ऑइल फिकट पिवळं असतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं असेल तर त्याचं आयुष्य संपलंय. रंग चांगला दिसतोय म्हणजे पाणी नाही असं मात्र नाही हां.

काय काय लागेल

ब्रेक ऑइल: मास्टर सिलेंडरच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलंच वापरा म्हणून. आपल्या बहुतेक स्कूटरना हेच. ही दोन्ही एकमेकांत मिसळली तर सील खराब होत नाहीत, पण डॉट ५ म्हणून जे असतं ते सिलिकॉनचं, ते यात अजिबात घालायचं नाही. गंमत म्हणजे डॉट ५.१ पुन्हा डॉट ४ च्याच जातीचं आहे, नावावरून फसायला होतं. बाटली छोटी घ्या आणि सील फोडलेली नाही ना ते बघा. दुकानदार अर्धी वापरलेली बाटली स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, तिने आधीच ओल ओढलेली असते.

पाना: बहुतेक कॅलिपरच्या निप्पलला ८ नंबरचा लागतो, पण आपल्या गाडीचा बघून घ्या. रिंग पानाच घ्या, फिक्स पाना नको, निप्पलची षटकोनी कड मऊ असते आणि फिक्स पान्याने एकदा गोल झाली की मग व्हाइस ग्रिप, शिव्या आणि नवीन निप्पल.

नळी: पारदर्शक हवी, हे महत्त्वाचं, कारण बुडबुडे दिसले पाहिजेत. फिश टँकच्या दुकानात एअर पंपाची नळी मिळते ती चालते, बसत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि ढकला. मेडिकलमधली सलाइनची नळी पण लोक वापरतात. साधारण दोन फूट पुरे.

बाकी: एक रिकामी प्लास्टिकची पारदर्शक बाटली, मेडिकलमधून एक मोठी सिरिंज, चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर, भरपूर जुने सुती कपडे, बादलीभर पाणी आणि मग. पाणी हाताशीच ठेवा, कारण ब्रेक ऑइल पेंट खातं. सांडलं की पुसत बसू नका, पुसण्याने ते पसरतं, सरळ पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. हातात ग्लोव्हज, डोळ्याला साधा चष्मा असला तर उत्तम.

पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही ब्रेकच्या आतल्या भागांना लावायचं नाही. ब्रेकचं रबर पेट्रोलियमने फुगतं आणि मग पिस्टन जाम. साफ करायचंच तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल.

तयारी

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, साइड स्टँडला नाही. हँडल असं वळवा की वरची ऑइलची टाकी आडवी, लेव्हलमध्ये येईल, आणि मग हँडल तिथेच राहील असं काहीतरी करा, नाहीतर अर्ध्या कामात हँडल वळतं आणि उघड्या टाकीतून ऑइल पुढच्या पॅनलवर. टाकीखाली, स्पीडोमीटरवर, पुढच्या मडगार्डवर कपडे टाका. काही मॉडेलना टाकीपर्यंत पोचायला हँडलचं कव्हर काढावं लागतं, ते लॉक जपून काढा.

आता पॅड बघा. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि वरच्या टाकीतली लेव्हल आपोआप खाली जाते, ते ऑइल कुठे गेलेलं नसतं, खालीच असतं. पॅडवरची खोबण संपत आली असेल तर आधी पॅड बदला आणि मग एअर काढा. उलटं केलंत तर नवीन पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलताना ऑइल टाकीतून वर येऊन झाकणाबाहेर सांडेल.

मग झाकणाचे दोन स्क्रू. हे दोन स्क्रू नवशिक्यांची जास्त परीक्षा बघतात, निप्पल नाही. छोटे, पावसाने गंजलेले, ॲल्युमिनियममध्ये धरून बसलेले, आणि डोकं इतकं मऊ की चुकीचा स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला की स्टारचा झाला वाटोळा. आधी झाकणावरची धूळ ओल्या कपड्याने पुसा, स्क्रूच्या खाचेत माती असेल तर टाचणीने काढा. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण बसलाय ना बघा, वरून हातोडीने दोन हलके ठोके द्या, गंज सुटतो. मग शरीराचं वजन वरून दाबून फिरवा, फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त जोर. एक किट्ट असा आवाज येतो आणि सुटतो. घसरायला लागला तर तिथेच थांबा, अजून जोर लावू नका, गॅरेजमध्ये इम्पॅक्ट ड्रायव्हरने दोन मिनिटांत निघतो.

झाकण, त्याखालची प्लेट आणि रबराचा डायफ्राम (लवचिक पडदा) काढा. डायफ्राम खाली ओढला गेलेला, लांबलेला असेल तर घडी परत आत ढकलून ठेवा. सिरिंजने वरचं जुनं ऑइल ओढून घ्या, तळाला काळा गाळ असेल तर स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा, आणि लगेच नवीन ऑइल भरा. तळाला एक छोटं भोक आहे, टाकी त्याच्याखाली रिकामी झाली की मास्टर सिलेंडरमध्ये हवा, त्यामुळे टाकी पुसून झाल्यावर भरेपर्यंत लिव्हरला हात लावायचा नाही. हे घरातल्या पोरांना आधी सांगून ठेवा, उघडी गाडी दिसली की कोणीतरी येऊन ब्रेक दाबतंच.

आता मुख्य काम

निप्पलवरची रबरी टोपी काढा, आजूबाजूची माती ब्रशने साफ करा. आधी रिंग पाना निप्पलवर चढवा आणि मग त्यावर नळी. हा क्रम सगळे उलटा करतात आणि मग नळी काढून परत पहिल्यापासून. नळी निप्पलपासून आधी वर जाऊ द्या, एक कमान करून मग खाली बाटलीत सोडा, म्हणजे निप्पलच्या डोक्यावर कायम ऑइल उभं राहतं आणि बुडबुडा निघाला की वर पळतो, परत कॅलिपरमध्ये जात नाही. बाटलीत तळाला थोडं नवीन ऑइल ओतून नळीचं टोक त्यात बुडवून ठेवा.

लिव्हरवर जो बसलाय त्याला काम समजावून सांगा. शब्द आधीच ठरवून घ्या, आणि त्याने प्रत्येक वेळी उलट उत्तर द्यायचं, मान हलवून चालणार नाही कारण तुम्ही खाली चाकाशी असता. धाकटा भाऊ असेल तर असं चालतं:

"पंप मार."

तो सावकाश तीनचार वेळा दाबतो, शेवटचा दाबूनच धरतो.

"धरलाय दादा."

तुम्ही पाना साधारण पाव आटा उघडता. नळीत ऑइल झटकन पुढे सरकतं, त्याबरोबर बुडबुडे, आणि लिव्हर ग्रिपकडे जातो. इथेच त्याचा हात आपोआप सुटायला बघतो, कारण लिव्हर हातातून निसटल्यासारखं वाटतं. सोडायचा नाही.

"धरून ठेव, सोडू नको." तुम्ही निप्पल बंद करता. "हां, आता सोड."

"सोडला."

झालं, हीच ती क्रमाची गोष्ट. आधी निप्पल बंद, मग लिव्हर सुटणार. निप्पल उघडा असताना लिव्हर सोडला तर मास्टर सिलेंडर मागे जाताना जिथून मिळेल तिथून ओढतो, म्हणजे काढलेली हवा परत आत. लिव्हरवर बाबा असतील तर "सोडा" म्हणा, नियम तोच, फक्त "अरे आमच्या वेळी" सुरू झालं की निप्पल बंद आहे ना ते बघून मगच ऐका.

असं करत रहा. दर चारपाच वेळा झालं की वरची लेव्हल बघा आणि भरा, टाकी छोटी असते, बघता बघता संपते. टाकी संपली तर सगळी मेहनत पहिल्यापासून. हे इतकं होतं की मी तर लिव्हरवाल्यालाच लेव्हल बघायचं काम देतो, तो टाकीच्या शेजारीच उभा असतो.

नळीत काय दिसतं ते वाचायला शिका. सुरुवातीला काळपट ऑइल आणि मोठे, लांबट बुडबुडे येतात, कधी कधी तर नळीत इंचभर नुसती हवाच. मग ऑइलचा रंग फिकट होत जातो आणि बारीक बारीक बुडबुड्यांची माळ यायला लागते. त्यानंतर स्वच्छ ऑइल. एक फसवणारी गोष्ट आहे, निप्पलच्या आट्यातून किंवा नळी सैल असेल तर तिच्या तोंडातून बाहेरची हवा शिरून नळीत बुडबुडे दिसतात आणि वाटतं एअर संपतच नाही. ओळखायचं कसं, तर लिव्हर आधीच कडक झालेला असतो आणि बुडबुडे निप्पलच्या अगदी तोंडाशीच तयार होताना दिसतात. नळी झिप टायने आवळा आणि निप्पल अजून थोडा कमी उघडा.

सगळं ऑइल बदलायचं असेल तर नळीत नव्या ऑइलचा रंग येईपर्यंत चालू ठेवा, नुसती एअर काढायची असेल तर बुडबुडे थांबून लिव्हर कडक झाला की पुरे. पण बाटली उघडलीच आहे तर सगळंच बदला ना.

जुन्या गाडीसाठी एक सांगायचं राहिलं. लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये लाकडाचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे लिव्हर अगदी शेवटपर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलेंडरचा पिस्टन ठराविक भागातच फिरतो, पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ जमलेला असतो, तिथे रबर घासलं तर चांगला मास्टर सिलेंडर या कामातच जायचा.

आणि बहुतेक १२५ पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस आहे, एप्रिल २०१९ पासून ते किंवा एबीएस सक्तीचंच झालं, म्हणजे डावा लिव्हर दाबला तरी मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. काम चालू असताना डाव्या लिव्हरला कोणी हात लावू नये, तो पण पुढच्याच मास्टर सिलेंडरला ढकलत असेल तर निप्पल उघडा असताना घोळ होतो.

तरी पण लिव्हर मऊच राहिला तर

बुडबुडे थांबले, ऑइल स्वच्छ, पण लिव्हर अजून मनासारखा नाही, असं खूप वेळा होतं. हवा मग बहुतेक वरच, मास्टर सिलेंडरमध्ये किंवा होजच्या वरच्या बँजो बोल्टपाशी (होज जोडणारा पोकळ बोल्ट) अडकलेली असते. खालून काढून ती येत नाही कारण हवेला वर जायचं असतं आणि आपण तिला खाली ओढतोय.

निप्पल बंद. झाकण नुसतं ठेवलेलं, स्क्रू न लावता. लिव्हर अगदी थोडा, पाव इंच वगैरे, हळूहळू दाबत सोडत रहा आणि टाकीच्या तळाच्या भोकाकडे मधूनमधून बघा. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. जोरात दाबू नका, ऑइलची चिळकांडी उडते वर, डोळ्यात जाऊ शकते. त्याबरोबर होजवर आणि कॅलिपरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, आतल्या भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. हे करायला वेळ लागतो, गाणी लावून बसा.

मग परत दोनचार वेळा खालून काढा.

रात्रभर लिव्हर बांधून ठेवायची युक्ती पण चालते, झाकण लावून लिव्हर ग्रिपला कापडी पट्टीने बांधायचा, सकाळी सोडायचा, बारीक हवा वर सरकून लिव्हर सोडल्याबरोबर टाकीत निघून जाते. याने बराच फरक पडतो. पण बांधल्यावर तासाभराने लिव्हर अजून ढिला झाला आणि ग्रिपला जाऊन टेकला तर लीक आहे किंवा मास्टर सिलेंडरचं रबर गेलंय असं समजा.

लिव्हरला माणूसच नसेल तर सिरिंजने खालून वर भरता येतं. सिरिंजमध्ये नवीन ऑइल, नळी आधी पूर्ण भरून घ्यायची म्हणजे तिच्यात हवा नको, निप्पलला लावायची, निप्पल उघडायचा आणि हळू दाबायचं, हवा आपल्या नैसर्गिक वाटेने वर टाकीत जाते. होज बदलल्यावर किंवा लाइन पूर्ण कोरडी पडल्यावर मला तर हीच पद्धत आवडते. फक्त टाकी आधी जवळजवळ रिकामी ठेवा, आणि जुना गाळ असलेल्या गाडीत हे करू नका कारण तो गाळ वर मास्टर सिलेंडरमध्ये ढकलला जातो.

बंद करणं आणि तपासणं

निप्पल घट्ट करताना हात आवरा. तो आतून पोकळ आहे, पिळला की तुटतो आणि अर्धा कॅलिपरमध्येच राहतो. साधारण ५ ते ८ न्यूटन मीटर इतकाच टॉर्क असतो, म्हणजे छोटा पाना, दोन बोटं, बसला की अजून किंचित. रबरी टोपी लावा, नाहीतर पहिल्याच पावसात त्यात चिखल.

वर टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा, काठोकाठ नाही. डायफ्राम कोरडा करून घडी नीट बसवा, प्लेट, झाकण, दोन्ही स्क्रू आलटून पालटून, मध्यमच घट्ट. मग निप्पल, कॅलिपर, टाकीच्या आजूबाजूला पाणी ओतून धुवा आणि पुसा. डिस्कवर थेंब उडाले असतील तर आयसोप्रोपिलने स्वच्छ करा, पॅडमध्ये ऑइल मुरलं असेल तर मात्र पॅड बदलाच, घासून जाळून काही होत नाही.

आता लिव्हर जोरात, म्हणजे घाबरून ब्रेक मारतो तितक्या जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. खाली सरकला नाही पाहिजे. तेवढ्यात कोणालातरी निप्पल, होजची दोन्ही टोकं आणि लिव्हरखालची जागा टॉर्चने बघायला सांगा, कुठे ओल नको. चाक हाताने फिरवून बघा, दाबल्यावर अडतंय आणि सोडल्यावर मोकळं फिरतंय ना. ब्रेक लाइट लागतेय ना तेही, कारण स्विच तिथेच लिव्हरखाली असतो आणि काम करताना त्याची वायर निघते, मग ब्रेक दाबूनही सेल्फ लागत नाही आणि लोक बॅटरी तपासत बसतात.

मग चालवा, पण आधी सोसायटीच्या आतच, चालण्याच्या स्पीडला, पुढचा ब्रेक एकटा. मग थोडा वाढवून. मग रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीला परत एकदा लिव्हर दाबून बघा आणि काचेतून लेव्हल बघा.

हे घरी करू नका

एबीएसवाल्या स्कूटर, एरॉक्स १५५, एप्रिलिया एसआर १६० वगैरे: नेहमीचं ऑइल बदलणं याच पद्धतीने होतं पण टाकी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती हाताने निघेलच असं नाही, सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर जोडून आतला पंप फिरवावा लागू शकतो. टाकी कोरडी पडू देणार नाही असा भरवसा असेल तरच हात घाला.

दोन्ही चाकांना डिस्क असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर, जसं की एथर ४५०: पुढच्या मागच्या लाइनची जोडणी कशी आहे हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय सुरू करू नका, कुठली लाइन आधी हा क्रम तिथे महत्त्वाचा असू शकतो. गाडी बंद, चावी खिशात, हे तर आहेच, कारण आवाज येत नसल्याने ती चालू आहे हे कळत नाही आणि कोणीतरी थ्रॉटल फिरवतं.

होज फुगलेली किंवा तडकलेली, निप्पल गंजून धरलेला, मास्टर सिलेंडरच्या पिस्टनपाशी ओल, हे दिसलं की गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून मेकॅनिककडे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरलाच सांगा, "ऑइल बदललंत का?" असं स्पष्ट विचारा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या.

काढलेलं जुनं ऑइल परत टाकीत घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी, आणि गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी पण ओतायचं नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावून वर ठळक लिहून ठेवा आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या. उरलेलं नवीन ऑइल एकदा सील फोडल्यावर पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवू नका. आणि हो, कुठलीच बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका, हे ऑइल विषारी असतं आणि नवीन असताना दिसतं अगदी तेलासारखं.